पाळकांची रजा: घरच्या ग्रुपवरची चर्चा

मोठा दादा: सर्वांना सलाम. रविवारी उपासनेत सूचना वाचल्या तेव्हा तुम्ही ऐकलंच असेल. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी महिनाभराची रजा मागितली आहे. आजारपण नाही, घरात कार्य नाही, अर्जात कारण एकच, 'विश्रांती'. मंडळीत इतके मृत्यू झालेत, कितीजणांच्या नोकऱ्या गेल्यात, आणि आत्ताच विश्रांती? उद्या कमिटीत विषय आहे. माझं मत नकाराचं आहे, आधीच सांगून ठेवतो.

धाकटे काका: दादाला माझा पाठिंबा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आठवा. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ गाव सोडून गेलं, तिथल्या शासकानेही त्याला निघायला सांगितलं. तो हलला नाही. बायको गरोदर, तरी घरात आजारी माणसं ठेवून घेतली. पाळक असावा तर असा!

ताई: काका, त्याच वर्षी त्याने प्लेगपासून पळावं की नाही यावर एक पत्र लिहिलं, ते पुढे वाचा ना. पाळकांनी राहावं असं म्हणतोच तो. पण लोकांची सेवा करायला पुरेसे उपदेशक असतील आणि त्यांनी आपसांत ठरवलं, तर काहींनी जायला हरकत नाही, त्यात पाप नाही, हेही त्याच पत्रात आहे. आणि विटेनबर्गला तो एकटा नव्हता, तिथला पाळक बुगेनहागन सोबत होता. आपल्या पाळकांसोबत कोण आहे?

मोठा दादा: मंडळीने नेमलेले वडीलजन आहेत की.

ताई: दादा, राग मानू नकोस. वडीलजन रविवारी पुढच्या बाकावर असतात. दवाखान्यात रात्री कोण असतं?

वहिनी: 🙏

धाकटे काका: बरं, पण एक पायंडा पडतो. आज महिना, उद्या दोन. लोक म्हणणार, संकट आलं की पाळक गायब.

ताई: म्हणणारच. सिप्रियनलाही म्हणाले होते. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा हा बिशप लपून बसला आणि तिथून पत्रांनी मंडळी सांभाळत राहिला. रोमच्या पाळकवर्गाने नावं ठेवली. परत आला तर पुढे त्याहून अवघड काम. भीतीने ज्यांनी मूर्तींना बळी दिले किंवा पैसे देऊन तसे दाखले घेतले, त्यांना मंडळीत परत घ्यायचं की नाही? एक गट म्हणे कधीच नाही, दुसरा म्हणे उद्याच घ्या. त्याने पश्चात्तापाचा काळ ठरवून मधली वाट काढली आणि दोन्हीकडच्यांचा रोष घेतला. मग साथ आली, तीही निभावली. 258 मध्ये पळून न जाता त्याने शिरच्छेद पत्करला. 250 मध्येच मेला असता तर पुढचं सगळं कोणी केलं असतं?

धाकटे काका: तुझं वाचन दांडगं आहे, पण इथे छळ नाही, साधी दमछाक आहे.

आत्या: मी बराच वेळ वाचतेय. हे शेजारीच बसलेत, ह्यांनीही पाळक म्हणून काम केलंय. त्यांना मोबाईलवर टाइप करणं जमत नाही, म्हणून ते सांगतायत आणि मी लिहितेय. चुका माझ्या.

आत्या: ते म्हणतात, साधी दमछाक असती तर झोपून गेली असती. सकाळी अंत्यविधी, दुपारी दवाखाना, संध्याकाळी बाप्तिस्मा, आणि प्रत्येक ठिकाणी चेहरा वेगळा लागतो. बाप्तिस्म्याला आलेल्या बाळाच्या आईला सकाळची कबर दिसता कामा नये. कोणाचा मुलगा घर सोडून गेला, कोणावर किती कर्ज आहे, कोणाचा विश्वास उडालाय, हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि ते कोणालाच सांगता येत नाही, बायकोलाही नाही. (हे खरं आहे. मला कधीच सांगितलं नाही. ते रात्री घरी आले की गाडी बंद करून बराच वेळ आतच बसायचे. मी पडद्याआडून बघायचे, पण बोलवायला जात नसे.)

आत्या: पुढचंही त्यांचंच. अर्पण घटलं की पाळकाचा पगार सगळ्यात शेवटी निघतो आणि त्याच रविवारी औदार्यावर उपदेश करायचा असतो. त्यात आता लोक घरी बसून मोबाईलवर दुसऱ्याच कोणाचे तरी उपदेश ऐकतात आणि आपल्याला पाठवतात, 'पाळकसाहेब, हे जरूर ऐका' म्हणून.

मोठा दादा: 😄 ते मीच पाठवलं होतं.

आत्या: आम्हाला माहीत आहे बाळा.

आत्या: ते म्हणतात, बायबलमधलं 1 राजे 19 काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, मला मरू दे' म्हणतो. देवाने त्याला आधी फटकारलं नाही. दोनदा झोपू दिलं, दोनदा खायला-प्यायला दिलं, मग पुढे चालायला लावलं. आणि 2 तीमथ्य 4. पौल तुरुंगात आहे. सगळे सोडून गेलेत, लूक तेवढा जवळ आहे. तो तीमथ्याला काय लिहितो? त्रोवसला कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये. एवढा मोठा प्रेषित, त्याला थंडी वाजत होती. त्याने ते सांगितलं आणि कोणी त्याला कमकुवत म्हटलं नाही.

धाकटे काका: पटतंय, पण व्यवहार सांगा. महिनाभर उपासना कोण चालवणार?

ताई: निर्गम 18. सासऱ्याने, इथ्रोने, मोशेला तेच सांगितलं होतं, एकटा करशील तर झिजून जाशील, माणसं नेम. प्रेषितांच्या कृत्यांतही विधवांच्या वाटपावरून कुरबुर झाली तेव्हा सात जण नेमले. आपल्याकडे नेमलेले आहेत, फक्त ते मीटिंगलाच येतात.

मोठा दादा: टोमणा पोचला. ठीक आहे, उद्या मी विषय असा मांडतो: रजा मंजूर, पगारासकट. चार रविवारांपैकी एक मी घेतो, एक काका घेतील.

धाकटे काका: मी?!

मोठा दादा: तुम्हीच. ल्यूथर तुम्हीच आणलात. उरलेल्या दोन रविवारांसाठी आणि अंत्यविधींसाठी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना विचारतो. दवाखान्याच्या भेटींसाठी वडीलजनांची जोडी करून यादी लावतो, रात्रीची पाळी धरून.

आत्या: हे म्हणतात, अजून एक लिहून घे. रजेत त्यांना कोणी फोन करायचा नाही. 'सहज केला, कसे आहात' असासुद्धा नाही. तो सहज केलेला फोनच तासभर चालतो.

वहिनी: एक विचारू? पाळकबाईंची रजा कोणी मंजूर केली? महिला संघाची सभा, संडेस्कूल, घरी येणाऱ्यांची उठबस, सगळं त्याच बघतात. अर्जात त्यांचं नाव आहे का?

मोठा दादा: नाही. त्या पगारावर नाहीत, त्यामुळे अर्जाचा प्रश्नच आला नाही.

वहिनी: मग संडेस्कूल माझ्याकडे द्या. महिला संघाचं आत्या बघतील का?

आत्या: बघते. ह्यांना विचारायची गरज नाही.