मदत हवी आहे: स्टेन-ग्लेझनंतर क्राउन तोंडात काळपट दिसतोय, फायरिंगचं तापमान बदलू का?

मॉडेलवाली:

नमस्कार मंडळी. मी दातांच्या लॅबमध्ये क्राउन, म्हणजे दातावर बसणाऱ्या टोप्या, बनवते. आजवर माझं बहुतेक काम मेटल सिरॅमिकचं (आत धातू, वर सिरॅमिक). आता लॅबमध्ये लिथियम डायसिलिकेट आणि झिरकोनिया (दोन्ही धातूशिवायची सिरॅमिकं) जास्त येतंय, आणि तिथे माझे हिशोब चुकतायत.

सध्या अडलेली केस: वरचा एकच सेंट्रल (समोरचा मधला दात), शेड ए२ (दाताच्या रंगाची पायरी; ए१ उजळ, ए३ गडद). शेजारच्या दाताची कडा निळसर पारदर्शक आहे आणि मानेजवळ, म्हणजे हिरडीलगत, थोडी नारिंगी झाक. मी ए२ चा जास्त ट्रान्सल्युसंट (अर्धपारदर्शक) डायसिलिकेटचा ब्लॉक घेतला, मिलिंग केलं (मशीनने कोरला), ८४० अंशांचं क्रिस्टलायझेशन (कडक करणारं भाजणं) झालं. मग मानेला नारिंगी-तपकिरी, कडेला निळा स्टेन (भाजून बसवायचा रंग) आणि वरून ग्लेझ (चमकेचा थर). प्लास्टर मॉडेलवर इतका छान दिसला की फोटो काढून ठेवला. तोंडात बसवून बघितल्यावर डॉक्टर म्हणाले, ए३ च्या पुढे गेलाय आणि दात मेल्यासारखा दिसतोय.

दुसरी कटकट चमकेची. प्रोग्रॅम तोच, ग्लेझ तीच. ट्रे भरलेला असला की क्राउन मॅट निघतात. एकच ठेवला की काचेसारखा लकाकतो आणि मी कोरलेल्या बारीक आडव्या रेषा बुजून जातात.

वीस अंश वाढवून बघू का? आणि मेटल सिरॅमिकच्या स्टेनचे भरलेले डबे पडून आहेत, ते यावर वापरले तर चालतील का?

मफलमित्र:

ताई, वीस अंश वाढवायच्या आधी स्क्रीनवरचा आकडा खरा आहे का ते बघा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) जुनं झालं की स्क्रीन एक सांगते आणि मफलमध्ये (फर्नेसच्या आतल्या तापणाऱ्या कप्प्यात) भलतंच असतं. त्यासाठी चांदीची चाचणी असते. शुद्ध चांदी साधारण ९६२ अंशांना वितळते, त्यामुळे फर्नेसच्या पुस्तिकेत दिलेला चाचणीचा प्रोग्रॅम लावून तुकडा नेमका कुठे वितळतो ते बघायचं आणि जो फरक येईल तो कॅलिब्रेशनमध्ये भरायचा. तुकडा चाचणीच्या होल्डरवरच ठेवा आणि नंतर एक रिकामं शुद्धीकरण फायरिंग घ्या. चांदीची वाफ मफलमध्ये राहिली तर पुढच्या सिरॅमिकवर पिवळट-हिरवट झाक येते.

भरलेला ट्रे आणि एकटा क्राउन यांतला फरक मात्र कॅलिब्रेशनने जाणार नाही. ट्रे, क्राउन टेकवायच्या पिना, पुटी हे सगळंच उष्णता पितं. डायसिलिकेटचा काळा सिलिकॉन नायट्राइडचा ट्रे आणि पांढरा हनीकोंब ट्रे एकाच प्रोग्रॅमवर सारखे तापत नाहीत. तेव्हा ट्रे एकच ठरवा, क्राउन मधोमध ठेवा, कडेला गर्दी करू नका. खूपच युनिट असतील तर दोन खेपा करा. मॅट आला तर आधी होल्डिंग (वरच्या तापमानावर थांबायचा वेळ) थोडं वाढवायचं, तापमान नंतर, तेही पाच-दहा अंशांच्या पायरीने.

रेषा बुजणं म्हणजे गरम जास्त झालंय. लूपखाली (भिंगाखाली) कडेकडे बघा. धार गोलसर झाली असेल आणि मानेच्या मार्जिनवर (क्राउनच्या काठावर) ग्लेझ थेंबासारखी साचली असेल तर तापमान खाली आणायला हवं. उलट कमी भाजलं असेल तर पृष्ठभाग दुधाळ आणि खरबरीत राहतो. तुम्हाला एकाच प्रोग्रॅमवर दोन्ही मिळतंय, म्हणून माझा पहिला संशय ट्रेवर आहे.

मॉडेलवाली:

ट्रे खरंच दोन आहेत आणि हाताला येईल तो वापरला जातो. आणि जुन्या डब्यांचं?

मफलमित्र:

ते डायसिलिकेटवर नकोच. मेटलवर बसणाऱ्या सिरॅमिकचा प्रसरणांक (दर अंशाला दहा लाखात किती भाग फुगतं) साधारण १२ ते १४, डायसिलिकेटचा १० च्या आसपास. वरचा थर थंड होताना जास्त आकसणार, म्हणजे तो ताणात राहणार आणि बारीक जाळीसारखे तडे पडणार, आज नाही तर महिन्याभराने. शिवाय त्यातले बरेच स्टेन ८५० च्या पुढे भाजायचे असतात. डायसिलिकेटचं क्रिस्टलायझेशनच ८४०-८५० ला होतं, त्याच्या वर नेलंत तर क्राउनच मऊ होऊन खचायला लागेल आणि मार्जिन गेलं. डायसिलिकेटसाठीचे बहुतेक स्टेन मुद्दाम बरेच खाली, सातशेच्या घरात भाजतात. झिरकोनिया १४५०-१५५० ला सिंटर झालेलं (भाजून घट्ट झालेलं), त्याचा आकार ग्लेझ फायरिंगला हलत नाही. पण ते उष्णता फार सावकाश वाहून नेतं. जाडजूड ब्रिज असेल तर हळू तापवा, होल्डिंग वाढवा आणि थंडही हळूच होऊ द्या. म्हणून दोन्हींचे प्रोग्रॅम वेगळे साठवून ठेवा.

आणि पेस्ट लावल्यावर नीट वाळू द्या. फर्नेस घाईत बंद झाली की पेस्टमधलं द्रव उकळतं आणि ग्लेझमध्ये फुगे येतात.

छटाछंद:

चमकेचं मफलमित्रांनी सांगितलंच आहे, मी काळपटपणाबद्दल बोलतो. त्याचा फर्नेसशी फारसा संबंध दिसत नाही.

कुठलाही स्टेन लावला की व्हॅल्यू (रंगाचा उजळपणा) उतरते. निळ्याने तर हमखास. निळ्यात कोबाल्टचं ऑक्साइड असतं आणि चिमूटभरही भारी पडतं. तुम्ही आधीच ए२ वर उभ्या होतात, त्यावर नारिंगी आणि निळा चढवला म्हणजे ए३ ठरलेलाच. स्टेनने दात गडद करता येतो, उजळ करता येत नाही. म्हणून ज्या केसमध्ये स्टेनिंग भरपूर आहे तिथे मी ब्लॉक एक पायरी उजळ घेतो, इथे ए१ घेतला असता.

निळा पूर्ण कडेवर फिरवू नका. नैसर्गिक दात बघा: निळसर पट्टा कडेच्या थोडा आत, जास्त करून दोन्ही कोपऱ्यांकडे असतो. अगदी टोकाला बारीक दुधट किनार असते, ती मोकळी सोडली की कडा जिवंत वाटते. पेस्ट पातळ करा, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. आधी पूर्ण पृष्ठभागावर ग्लेझ लिक्विडचा पुसट हात फिरवला तर रंग आतून आल्यासारखे दिसतात. लावताना पेस्ट गोळा होऊन पळत असेल तर क्राउनवर बोटाचं तेल आहे, स्टीमने धुऊन घ्या.

दंतकाम:

मी डेंटिस्ट आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने विचारतो. घासलेल्या दाताचा, म्हणजे स्टंपचा रंग डॉक्टरांनी कळवला होता का? जास्त ट्रान्सल्युसंट ब्लॉकमधून खालचं सगळं वर दिसतं. रूट कॅनाल झालेला तपकिरी दात खाली असेल तर तुमचं प्लास्टर मॉडेल तुम्हाला फसवणारच. स्टंपच्या रंगाच्या रेझिनमध्ये डाय (त्या दाताची प्रतिकृती) बनवून त्यावर शेड बघा. आणि डॉक्टरांना सांगा, क्राउन कोरडा बसवून रंग ठरवू नका. मध्ये हवा राहिली की रंग वेगळाच दिसतो, ट्राय-इन पेस्ट (बसवून बघण्यापुरती लावायची) किंवा निदान ग्लिसरीन हवं. शेड घेतानाही दात सुकायच्या आधी, कामाच्या सुरुवातीलाच घ्यायची, कारण सुकलेला दात पांढरा पडतो.

मॉडेलवाली:

डॉक्टरांना आत्ताच विचारलं. रूट कॅनाल झालेलाच दात आहे, स्टंप चांगलाच गडद. चिठ्ठीत फक्त "ए२" होतं. हाच क्राउन पांढऱ्या स्टेनने वाचेल का?

छटाछंद:

नाही. पांढऱ्याने तो उजळ होणार नाही, खडू फासल्यासारखा दिसेल. ग्लेझ काढून पुन्हा पुन्हा भाजण्यातही अर्थ नाही, प्रत्येक फायरिंगला रंग आणि पृष्ठभाग थोडा सरकतो. नवा करा. कमी ट्रान्सल्युसन्सीचा किंवा सरळ ओपॅक (अपारदर्शक) ब्लॉक, ए१. समोरच्या बाजूला थोडी जागा ठेवून लेयरिंग (वरून सिरॅमिकचे थर) करता आलं तर निळेपणा आतून येईल, स्टेनवर भार पडणार नाही.

दंतकाम:

आणि नवा करायच्या आधी डॉक्टरांकडून स्टंपचा फोटो मागवा, शेड टॅब (रंगाचा नमुना-दात) दाताच्या रेषेत, कडेला कडा लावून धरलेला. ओपॅक ब्लॉकला थोडी जास्त जाडी लागेल, समोरून पुरेसं घासलंय का तेही त्याच फोनवर विचारून घ्या.