मदत हवी आहे : ८ वर्षांच्या मुलीचा बीएमआय १८, पण तीन ठिकाणी तीन उत्तरं

लेकीला गेल्याच आठवड्यात ८ वर्षं पूर्ण झाली. त्याच आठवड्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. उंची १२८ सेंमी, वजन २९.५ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) १८. पुढे शेरा : वजन कमी.

चिठ्ठी वाचून मी समोर बसलेल्या लेकीकडे पाहिलं. गेल्या वर्षीचे कपडे तिला उंचीला अजून होतात, कमरेला होत नाहीत. ही पोरगी कमी वजनाची कशी? सासूबाईंना मात्र शेरा पटला. "मी म्हणतच होते, धड जेवत नाही ती," म्हणाल्या.

रात्री हेच आकडे मोबाइलवर टाकून पाहिले. पहिलं कॅल्क्युलेटर म्हणालं, वजन कमी. दुसऱ्याने जन्मतारीख विचारली आणि सांगितलं, वजन जास्त. तिसऱ्यानेही जन्मतारीख विचारली, पण उत्तर दिलं, वजन योग्य. आकडा तिन्हीकडे एकच, १८.

मग मापावरच शंका आली. लेकीला विचारलं तर म्हणाली, बूट काढायला कुणी सांगितलंच नाही. म्हणून रविवारी सकाळी पुन्हा मोजलं. अनवाणी, केस मोकळे, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. उंची भरली १२७, घरातल्या पातळ कपड्यांत वजन २९. मीटरमधल्या उंचीचा वर्ग १.६१, त्याने २९ला भागलं तर पुन्हा १८च. बुटांमुळे उंची आणि वजन दोन्ही वाढली होती, त्यामुळे भागाकार जागचा हलला नाही. (नुसती उंची १ सेंमीने चुकली असती तर मात्र ०.३चा फरक पडला असता, हेही करून पाहिलं.)

लसीकरणाच्या फाइलमध्ये दर वाढदिवसाच्या सुमाराच्या नोंदी सापडल्या :

५ वर्षं – १०९ सेंमी, १८ किलो, बीएमआय १५.२
६ वर्षं – ११५ सेंमी, २१ किलो, बीएमआय १५.९
७ वर्षं – १२१ सेंमी, २५ किलो, बीएमआय १७.१
८ वर्षं – १२७ सेंमी, २९ किलो, बीएमआय १८

यातलं नेमकं कुठलं उत्तर खरं धरू? आणि मला काही करायला हवंय का? अजून एक. चिठ्ठी तिने स्वतः वाचली आहे. रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, मी चुकीची वाढतेय का?" मला पटकन काही बोलताच आलं नाही. तिला काय सांगू, तेही कृपया सुचवा.

प्रतिसाद – निळीशाई

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे, मुलांचे वाढतक्ते रोज भरते. आधी शाळेचा शेरा मनातून काढून टाका. तो मोठ्यांच्या मोजपट्टीने दिलाय. प्रौढांमध्ये १८.५च्या खाली वजन कमी धरतात, तीच रेघ कुणीतरी ८ वर्षांच्या मुलीला लावली. मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलत जातो. पहिल्या वर्षात तो चढतो, मग साधारण ५-६ वर्षांपर्यंत उतरतो आणि तिथून पुन्हा चढू लागतो. वाढतक्त्यावर ८ वर्षांच्या मुलींची मधली रेघ (निम्म्या मुली तिच्या वर, निम्म्या खाली) साधारण १५.७ला आहे. तुमची लेक तिच्या बरीच वर आहे.

राहिलेली दोन उत्तरं दोन वेगळ्या तक्त्यांची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यात या वयाच्या मुलींसाठी 'वजन जास्त' १७.७च्या पुढे सुरू होतं आणि लठ्ठपणा २०.६च्या पुढे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०००च्या तक्त्यात 'जास्त'ची रेघ ८५व्या पर्सेंटाइलला आहे. म्हणजे एकाच वयाच्या १०० मुली बीएमआयच्या क्रमाने उभ्या केल्या तर ८५वी जिथे येईल ती जागा. ती रेघ पडते १८.३च्या आसपास. तुमची लेक या दोन रेघांच्या मधोमध सापडली, म्हणून उत्तरं वेगळी आली. एकच तक्ता धरा आणि दर वेळी त्याच्यावरच नोंद करा.

माझ्या मते आजच्या १८पेक्षा तुमच्या फाइलमधल्या त्या चार ओळी मोलाच्या आहेत. पाचव्या वर्षी ती मधल्या रेघेवर होती. सहाव्या वर्षी जरा वर, सातव्या वर्षी वरच्या रेघेला टेकलेली आणि आता रेघेच्या पलीकडे. रेघा ओलांडत वर जाणं हेच डॉक्टरांना दाखवायला हवं. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे तिची उंची चारही वर्षं बरोबर मधल्या रेघेवर आहे, वर्षाला ६ सेंमी. थायरॉइडसारखं काही असेल तर बहुतेक वेळा उंची मागे पडते. तरी डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तदाब मोजून घ्या. मानेवरची त्वचा काळी, जाडसर झाली असेल किंवा ती झोपेत रोज घोरत असेल तर तेही सांगा. या वयात काही मुलींची वयात येण्याची सुरुवात होते, ते डॉक्टर बघतीलच. आणि बीएमआयला चरबी आणि स्नायू वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा निदान एवढ्यावर होत नाही.

प्रतिसाद – पाऊलखूण

ताई, माझा मुलगा याच वाटेने गेलाय. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, वजन कमी करायचं नाही, वाढण्याचा वेग कमी होऊ द्यायचा. तुमच्या आकड्यांवर करून बघा. पुढच्या वाढदिवसाला ती १३३ सेंमी आणि ३१ किलो झाली तर बीएमआय १७.५ येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांना 'जास्त'ची रेघ १८.३ला आहे. म्हणजे २ किलो वाढूनही ती आत येते. उपाशी ठेवायची गरजच नाही.

आम्ही तिघांनी मिळून सवयी बदलल्या, त्याला एकट्याला कधी वेगळं ताट दिलं नाही. गोड पेयं घरात आणणं थांबवलं. रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ आणि ९ तासांच्या वर झोप. झोपेचा भाग आम्हाला सगळ्यात जड गेला, कारण त्यासाठी आम्हालाच स्क्रीन लवकर बंद करावा लागला.

तिच्या अंगावरून घरात कुणीही बोलू नये, कौतुकानेसुद्धा नाही. आजींना तुम्ही एकट्यात सांगा, तिच्यासमोर नको.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. चारही नोंदी तक्त्यावर मांडल्या आणि निळीशाई म्हणतात ती चढती रेघ डोळ्यांनी दिसली. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सासूबाईंना तोच कागद दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला आधी का नाही दाखवलंस?"

लेकीला भिंतीवरची पेन्सिलीची खूण दाखवली आणि सांगितलं की चिठ्ठीत मोठ्या माणसांची पट्टी चुकून वापरली होती, तू नीट वाढतेयस, आणि आता आपण सगळेच जास्त खेळणार आहोत. तिने खुणेशेजारी स्वतःच्या हाताने तारीख लिहिली.

आता मनात वेगळंच घोळतंय. ८ वर्षांची मधली रेघ १५.७ला असेल तर १८.५च्या पट्टीने वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला 'वजन कमी' हाच शेरा मिळाला असणार. शाळेच्या फाटकापाशी तीन आयांना विचारलं, तिघींच्याही चिठ्ठीवर तेच होतं. एकीने तर मुलाला जबरदस्तीने भरवायला सुरुवात केली आहे. आणि ज्या मुलाचं वजन खरोखर कमी आहे, ते या गर्दीत कुणाला दिसणार? मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला घेतलंय. निळीशाई, पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालाल का?