प्रति: मालकी कंपनीकडे राहिली तर काय बिघडते?

"हक्क कंपनीकडे राहिले तरी कलाकाराचे नाव घरोघरी पोहोचते," हे गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या मालकीबद्दलचे मत मला पटले नाही. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील आमच्या खंजेरी भजन मंडळाने धान विकून वर्गणी गोळा केली, नागपूरच्या स्टुडिओचे भाडे स्वतः भरले आणि कॅसेट काढणाऱ्याने पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर न वाचता सह्या केल्या. गेल्या वर्षी मंडळातल्याच मुलाने त्यातले एक भजन यूट्यूबवर टाकले, तर त्यावर कॉपीराइटचा दावा आला. खंजेरी वाजवणारे म्हातारे बुवा तेव्हा शेजारीच बसले होते.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाची पहिली मालकी निर्मात्याची असते, आणि निर्माता म्हणजे ज्याने त्या कामात पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली तो. म्हणजे खर्च आणि खटाटोप दोन्ही स्वतः करणारे मंडळ बहुधा स्वतःच निर्माते ठरते, आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकणारा तो हक्क एका सहीने दुसऱ्याला देऊन बसते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचेच मानले जाते. आमच्या कागदात 'कायमस्वरूपी' हा शब्द का होता, ते आता कळते. २०१२च्या दुरुस्तीने गायक-वादकांना व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला खरा, पण हिशेबाची वही ज्याच्याकडे, त्याच्या दारी खेटे घालणे हे शेतकरी माणसाचे काम नव्हे.

यंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी आम्ही मालकी न देता वापराचा ३ वर्षांचा परवाना तेवढा दिला. मूळ फाइलचा पेनड्राइव्ह मंडळाच्या पेटीत हार्मोनियमशेजारी आहे.