किल्लारीचा धक्का संगणकात आपल्या गावाखाली दिला तर?

पैनगंगाकाठ:
10 जुलै 2024 ला हिंगोलीकडचा 4.5 चा धक्का आमच्याकडेही जाणवला होता. परवा ग्रामसभेत शाळेच्या खोल्यांचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, जिल्ह्यासाठी हादऱ्याचं सिम्युलेशन करून मागू. किल्लारीचा, म्हणजे लातूरकडचा 30 सप्टेंबर 1993 चा 6.2 चा धक्का संगणकात आपल्या खाली द्यायचा आणि कोणती घरं पडतात ते पाहायचं. सगळे हसले. तुम्हीही हसा, पण कारण सांगून.

मिस्त्रीकाका:
हसत नाही बापा. पण संगणकानं भिंत मजबूत होते काय? दारं-खिडक्यांच्या वर, लिंटलवरून चारही भिंतींवर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, कोपऱ्यात उभी सळई द्या. त्या पैशात दोन खोल्या होतात. अन् आपल्याकडं भूकंप होते कुठं?

मुरूम:
काका, 1993 च्या नकाशात किल्लारीही सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्येच होतं. मुख्य धक्का जवळून नोंदवणारं यंत्रही तिथं नव्हतं. कोयनेला 1967 मध्ये धरणावर यंत्र होतं, म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या 0.63 पट त्वरणाची नोंद मिळाली. किल्लारीत जमीन नेमकी कशी हलली ते गणितानंच उभं करावं लागतं. भ्रंशाचे, म्हणजे खाली खडक जिथं तुटून सरकला त्या भेगेचे, लहान तुकडे करायचे, प्रत्येकाची लहर किती उशिरा पोचेल आणि वाटेत किती क्षीण होईल ते धरायचं, मग सगळ्यांची बेरीज. शेवटी वरचा मातीचा थर. समजा 3 मीटर काळी माती, तिच्यात लहरीचा वेग सेकंदाला 150 मीटर. चार पट खोलीनं भागा : सेकंदाला साडेबारा हेलकावे. एकमजली पक्क्या घराची स्वतःची लय दहाच्या आसपास असते. म्हणजे माती आणि घर जवळजवळ एकाच तालावर, म्हणून घर जास्त हलणार.

वावरवाला:
हे 3 अन् 150 आणले कुठून? आकडा अंदाजाचा, तर नकाशाही अंदाजाचाच, फक्त रंगीत. तो पाहून तहसीलदार साहेब म्हणतील, तुमचं गाव हिरव्यात आहे, निधी नाही.
आणखी एक. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. आपल्याकडं बरीच घरं कवेलूची, वर हलकं कौलारू छप्पर. पडझडीचा हिशेब तिथला लावला तर सगळं चुकेल.

पैनगंगाकाठ:
कवेलूचा मुद्दा मान्य. हादरा तोच, पण पडझडीचं कोष्टक आपल्या भिंतींचं लागेल, नाहीतर लातूरचाच हिशेब इथं चिकटवल्यासारखं होईल. खोलीचं मात्र अवघड नाही. गावातल्या कोणत्याही विहिरीत डोकावा : वर काळी, मग मुरूम, मग काळा दगड. कासऱ्यानं मोजता येते. वेगासाठी जमिनीवर घण मारून सेन्सरनं मोजणी करतात, ती चार ठिकाणी केली तरी पुष्कळ.

मिस्त्रीकाका:
अन् नंतरचा गोंधळ कोण निस्तरणार? त्या जुलैत आमच्याकडं एकानं भेग दाखवली, म्हणे भूकंपानं पडली. म्या तिच्यावर उन्हाळ्यातच सिमेंटचा ठिपका लावून तारीख टाकली होती! काळी माती उन्हात आकसते, पायाजवळून भेग वर चढते, पाऊस पडला की मिटते. भूकंपाची भेग खिडक्यांच्या मधल्या भिंतीत तिरपी, फुलीसारखी. तलाठ्याला हा फरक शिकवा आधी.

मुरूम:
काका, हीच माहिती तर पाहिजे! तुमचे ठिपके म्हणजे धक्क्याआधीची नोंद झाली. धक्क्यानंतर पाहणीला कुठं आधी धावायचं ते सिम्युलेशन सांगेल, भेग जुनी की नवी ते ठिपके सांगतील.

वावरवाला:
गोड बोलून काकांना फिरवू नका. माझं अजून तेच म्हणणं आहे : आधी पट्टा, मग नकाशा. नव्या शाळेला तर सिम्युलेशनची गरजच नाही.

पैनगंगाकाठ:
नव्या शाळेला नाही. पण जुनी घरं सगळी एकदम बांधून काढता येणार आहेत का? रांगेत पहिलं कोणतं, एवढंच मला पाहिजे.

मिस्त्रीकाका:
पहिलं वाड्याच्या मागचं. दोन फुटाची भिंत, आरपार दगड एक नाही, कोनाड्यात हात घातला की माती सांडते. ये रविवारी, दाखवतो. संगणक नको आणू.