पर्वणीची सुट्टी खाजगी कंपनीत मागता येते का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी अंबडला एका खाजगी कंपनीच्या डिस्पॅचमध्ये आहे. कारखाना नाही, नुसतं गोदाम आणि ऑफिस. माणसं पन्नासच्या वर. राहायला पंचवटीत. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्यांच्या, म्हणजे अमृतस्नानाच्या तारखा आल्यात: २ ऑगस्ट २०२७ (सोमवार), ३१ ऑगस्ट (मंगळवार) आणि ११ सप्टेंबर (शनिवार). यातल्या एखाद्या दिवशी सरकारने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली, तर ती आम्हाला द्यावीच लागते का?

विचारायचं कारण असं की २२ जानेवारी २०२४ ला राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेची सुट्टी राज्याने दिली होती. बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, आमचं शटर मात्र उघडं. जे आले नाहीत त्यांची सीएल (किरकोळ रजा) कापली. साहेब म्हणाले, "ती सरकारी लोकांची सुट्टी."

पंचिंग मशीनशेजारी दरवर्षी यादी चिकटवतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, शिवाय धुळवड, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन. यादी मुंबईच्या हेड ऑफिसातून येते, म्हणून धुळवड आहे आणि रंगपंचमी नाही. नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) रंगपंचमीला उघडतात हे त्यांना कोण सांगणार! त्यात २०२७ ला १५ ऑगस्ट रविवारी.

गोदाकाठ:
ताई, साहेब तिरकं बोलले, पण कायद्याने चुकीचं नाही बोलले. अशी आयत्या वेळची सुट्टी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम २५ खाली निघते. तो चेक-हुंड्यांचा कायदा. त्याने बँका बंद राहतात, पण खाजगी मालकावर पगारी सुट्टीचं बंधन येत नाही.

तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. तुमच्या यादीतल्या पहिल्या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आत आपसात ठरवायच्या असतात. तुम्हाला कोणी विचारलं होतं का? नसेल, तर तुमचा मुद्दा इथे आहे. या आठपैकी एखाद्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी.

निफाडचा_द्राक्षवाला:
अपॉइंटमेंट लेटर काढून बघा. 'शासनाने जाहीर केलेल्या सर्व सार्वजनिक सुट्ट्या' असं लिहिलं असेल तर भांडायला जागा आहे. 'कंपनीच्या यादीप्रमाणे' असेल तर विषय संपला.

मतदानाची सुट्टी यात धरू नका, ती वेगळी. लोकसभा-विधानसभेला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ख आहे, मतदाराचा त्या दिवसाचा पगार कापता येत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला आमच्याकडे एकाने कापला होता, कलम दाखवल्यावर मुकाट परत दिला.

धागाकर्ती:
लेटर बघितलं. 'कंपनी वेळोवेळी जाहीर करील त्या सुट्ट्या.' म्हणजे गेलंच. आणि नाही हो, चार सुट्ट्यांबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. मग धुळवड काढून २ ऑगस्ट घाला असं म्हणता येईल? ऑफिसात धुळवडीचं तसंही कोणाला फारसं नाही.

सातपूरकर:
म्हणता येईल की. पण डिसेंबरच्या आत, जानेवारी उजाडला की यादी पक्की झाली म्हणतील. आणि पर्वणी हा सण कसा, असा फाटा कोणीतरी फोडेलच. तेव्हा धर्माचं बोलूच नका, धंद्याचं बोला. २०१५ च्या पर्वण्यांना रस्त्यांवर काय बॅरिकेडिंग होतं आठवतंय ना? लोक मैलोन् मैल चालत होते. पंचवटीतून तुम्ही अंबडला पोचणार कशा, आणि पोचलात तरी डिस्पॅचच्या गाड्या निघणार कुठून? साहेबांना हे आकड्यात मांडून द्या, त्या दिवशी किती गाड्या आणि किती माल अडकेल ते. यादी बदलायला नाहीच म्हणाले, तर आधीचा एखादा रविवार भरून देतो आणि सोमवारी बदली सुट्टी द्या, असं सुचवा. २५ जुलै चालेल. १ ऑगस्ट नको, गर्दी आदल्या दिवसापासूनच असेल.

गोदाकाठ:
+१. एकटीने देऊ नका, सगळ्यांच्या सह्या घ्या. एचआरच्या मेलवर पाठवा आणि कागदावर पोच घ्या.

धागाकर्ती:
सातपूरकर दादा, हे सुचलंच नव्हतं. गाड्यांचा हिशोब माझ्याच रजिस्टरात आहे. सोमवारी अर्ज टाकते. ३१ ऑगस्टचं पण त्यातच लिहू, की एका वेळी एकच मागू?