लेड झेपेलिन: वाजवलं झक्कास, पण सही कुणाची?

निळी फीत

२०२५ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडवरचा नवा माहितीपट आला आणि ओळखीतले सगळे जुने रॉकवाले अंगात आल्यासारखे झेपेलिन-झेपेलिन करू लागले. मीही त्यातलाच. १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून १९७९ च्या 'इन थ्रू द आउट डोअर'पर्यंत आठही अल्बम ओळीने लावले. वाजवणं अजूनही अंगावर काटा आणतं, त्यात वाद नाही. पण या खेपेला गाणी ऐकताना कव्हरवरची बारीक अक्षरंही वाचत बसलो, आणि मत असं झालंय की हा बँड जितका मोठा तितकाच मनाने कोता.

'होल लॉटा लव्ह'चे शब्द बरेचसे विली डिक्सन या ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत) गीतकाराच्या 'यू नीड लव्ह'मधले. ते ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलं होतं. दुसऱ्या अल्बमवर नावं छापली फक्त बँडमधल्या चौघांची. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे त्याचं नाव लागलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' हे गायक जेक होम्सचं, १९६७ चं. झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज तेव्हा यार्डबर्ड्स या बँडमध्ये होता आणि न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात होम्स त्यांच्या आधी गायला होता. पहिल्या अल्बमवर मात्र लेखक म्हणून एकटा जिमी पेज. २०१० मध्ये होम्स कोर्टाची पायरी चढला, मग 'जेक होम्सपासून प्रेरित' अशी शेपटी जोडली गेली. 'द लेमन साँग'मध्ये ब्लूज गायक हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर' उघड उघड बसलंय. तिसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं बुका व्हाइटच्या ब्लूजवर बेतलेलं, आणि खाली श्रेय काय, तर 'पारंपरिक, संयोजन: चार्ल्स ऑब्स्क्युअर'. हा चार्ल्स म्हणजे खुद्द पेज. बुका व्हाइट तेव्हा चांगला हयात होता. टोपणनावाची मस्करी सुचली, त्याचं नाव लिहायचं सुचलं नाही!

एखादं गाणं असतं तर नजरचूक म्हणून सोडून दिलं असतं. पण पेज आणि जॉन पॉल जोन्स हे दोघे लंडनच्या स्टुडिओंत मुरलेले सेशन वादक, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर पैसे घेऊन वाजवणारे. लेबलवर कुणाचं नाव छापलं की पैसे कुणाच्या खिशात जातात, हे न कळण्याइतके ते बाळबोध नव्हते. माझा आक्षेप उचलण्याला नाही, खालच्या सहीला आहे. बोला आता.

ठोकताळा

साफ असहमत. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी उठतं आणि झेपेलिनला चोर ठरवून मोकळं होतं.

ब्लूज असाच वाढला आहे हो. लिंबाच्या ज्या चावट ओळींवरून 'लेमन साँग' ओळखलं जातं, त्या वुल्फच्या नाहीतच, जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनच्या १९३७ च्या गाण्यातल्या आहेत. आणि जॉन्सनने तरी काय सगळं घरी बसून शून्यातून लिहिलं? ओळी, टेका, गिटारचे तुकडे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. मडी वॉटर्सचं 'यू नीड लव्ह' लावा आणि लगेच 'होल लॉटा लव्ह' लावा. शब्दांत साम्य आहे, पण तो रिफ, गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दाखवा मला त्यात. मधला तो थेरमिन या हात न लावता वाजणाऱ्या विजेच्या वाद्याचा धिंगाणा दाखवा. जे गाणं लोकांच्या डोक्यात आहे ते पेजचं आहे.

आणि आपण कुठल्या तोंडाने बोलतो? आपलं नाट्यसंगीत कशावर उभं आहे? भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'च्या पदांना ख्याल-ठुमऱ्यांच्या चाली लावल्या. त्यांना कुणी ढापूगिरी म्हणतं का?

मोडी जाणणारी

ठोकताळा, उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून बरं झालं, कारण ते तुमच्यावरच उलटतंय.

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं कधी चाळलीत का? प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल –' असं लिहून पुढे मूळ चीज, लावणी किंवा जे काही असेल त्याचा मुखडा छापलेला असतो. चाल कुठून घेतली ते पहिल्या ओळीच्याही आधी. लाज वाटायचा प्रश्नच नव्हता, उलट अमुक चीज घेतली आहे हे रसिकाला कळावं अशीच इच्छा असायची. १९६९ च्या रेकॉर्डवर एवढीच एक ओळ छापली असती, तर निळी फीत यांना हा धागा काढावाच लागला नसता.

पडदा उघडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

खर्जातला

मी ड्रम्स वाजवतो, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो. तुम्ही सगळे कागद वाचताय आणि त्या नादात ऐकणं राहून जातंय.

चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. मूळ गाणं १९२९ चं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. शब्द त्यातलेच. पण ते ड्रम्स! हँपशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिथे पूर्वी गरिबांचं अनाथालयवजा वर्कहाउस होतं, जिन्याखालच्या उंच दालनात झेपेलिनचा ड्रमर बॉनमचे ड्रम्स मांडले. साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने दोनच माइक वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडले. नेहमीसारखे प्रत्येक ड्रमपाशी माइक नाहीत. त्यात बिन्सन नावाचं इटालियन इको यंत्र. म्हणून बास ड्रमचा ठोका पडला की मागोमाग त्याचीच सावली पडते, आणि आपण ड्रम नाही, ती अख्खी खोली ऐकतो. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हाच तुकडा कापून कापून वापरला.

तसंच 'कश्मीर'. काश्मीरशी त्याचा काडीचाही संबंध नाही, गायक प्लांटला शब्द सुचले ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटात गाडी चालवताना. पण लय बघा. बॉनम चारात ठाण मांडून बसलाय, गिटार आणि व्हायोलिनं तीन-तीनच्या तुकड्यात वर चढतायत. बारा मात्रांनी दोघं एकत्र येतात. हात चार मात्रांवर ठेवून ऐका, मग कळेल गाणं सतत पुढे झुकल्यासारखं का वाटतं. हे कुणाकडून उचललं सांगा.

निळी फीत

खर्जातला, प्रतिसाद लाजवाब, पण 'कश्मीर'वर मी आरोप केलाच कुठे? जे त्यांचं ते त्यांचंच.

आणि 'लेव्ही'चं उदाहरण माझ्या पथ्यावर पडतंय. तिथे १९७१ मध्येच चौघांच्या जोडीला ब्लूज गायिका मेम्फिस मिनीचं नाव छापलं होतं. म्हणजे नाव देता येत होतं, दिल्याने गाण्याचं महत्त्व तसूभरही कमी झालं नाही. गंमत अशी की मूळ रेकॉर्डवर ते गाणं गायलाय तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय, आणि नेमका तोच गळला.

कलम चारशे वीस

पेशाने वकील आहे, म्हणून 'स्टेअरवे टू हेवन'चा खटला इथे कुणी आणायच्या आत मीच आणतो. नाहीतर लोक तोही आरोपांच्या गाठोड्यात टाकतात.

आरोप असा, की सुरुवातीची गिटार स्पिरिट या बँडच्या 'टॉरस'वरून घेतली. दोन्ही बँड डिसेंबर १९६८ मध्ये डेन्व्हरला एकाच कार्यक्रमात वाजले होते, त्यामुळे संशयाला जागा होती. 'टॉरस' लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया १९९७ मध्ये हवाईच्या समुद्रात मुलाला वाचवताना गेला. दावा लागला २०१४ मध्ये, त्याच्या ट्रस्टतर्फे. २०१६ मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, २०१८ मध्ये अपिलात फेरसुनावणीचा आदेश झाला, मार्च २०२० मध्ये मोठ्या पीठाने मूळ निकाल कायम केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला.

ज्युरीला 'टॉरस'ची मूळ रेकॉर्ड साम्याचा पुरावा म्हणून ऐकवलीच नाही. जुन्या अमेरिकी कायद्याप्रमाणे संरक्षण होतं ते कॉपीराइट कार्यालयात जमा केलेल्या स्वरलिपीच्या कागदाला. त्यामुळे निकालाचा अर्थ 'उचललं नाही' एवढाच काढू नका. तरीही माझं मत बँडच्या बाजूचं आहे. खाली उतरत जाणारी ती स्वरांची माळ शेकडो वर्षं वापरात आहे. तिच्यावर कुणी मालकी सांगू लागलं तर उद्या गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराला नोटीस जाईल.

ठोकताळा

वकीलसाहेब, धन्यवाद. हेच म्हणतोय मी. प्रत्येक प्रकरण वेगळं आहे, सरसकट कोते म्हणू नका.

'बेब आयम गोना लीव्ह यू' बघा. पेज-प्लांटने ते ऐकलं अमेरिकी गायिका जोन बाएझच्या रेकॉर्डवर, आणि तिथे ते पारंपरिक म्हणूनच छापलेलं होतं. यांनीही तसंच छापलं. मूळ लिहिणारी अ‍ॅन ब्रेडन पुढे आली तेव्हा तिचं नाव घातलं, पैसेही दिले. यात कोतेपणा कुठे?

आणि 'फिजिकल ग्राफिटी'वरचं 'बूगी विथ स्टू'! रॉक अँड रोल गायक रिची व्हॅलेन्सच्या गाण्यावरून घेतलं, तर श्रेयात चक्क 'मिसेस व्हॅलेन्स' म्हणून त्याच्या आईचं नाव घातलं. मुलाच्या गाण्यांचे पैसे तिला मिळाले नाहीत असं कानावर आलं म्हणून. पेजच्या सांगण्यानुसार त्याचं बक्षीस म्हणजे उलट यांच्यावरच दावा आला.

शिवाय पैसे कुणी खाल्ले म्हणाल तर शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सची प्रकाशन कंपनी आर्क म्युझिक बघा. डिक्सन आणि मडी वॉटर्सला स्वतःच्या हक्कांसाठी सत्तरच्या दशकात तिच्यावर दावा लावावा लागला होता. सगळा राग इंग्लंडच्या चार पोरांवरच का?

मोडी जाणणारी

घरच्यांनी लुबाडलं म्हणून पाहुण्यानेही हात मारायचा? हा कुठला न्याय!

तर्री जास्त

विषयांतर करतो, पण कुणी 'थ्री'बद्दल, म्हणजे तिसऱ्या अल्बमबद्दल, बोलेल का? वेल्समध्ये वीजही नसलेल्या झोपडीत बसून गाणी लिहिली, १९७० मध्ये अल्बम आला आणि टीकाकारांनी नाकं मुरडली, कारण सगळ्यांना 'होल लॉटा लव्ह'चा दुसरा भाग हवा होता. आज ऐका. 'टँजरिन', 'दॅट्स द वे'. प्लांट ओरडत नाही, गातो. आठ अल्बमांत पहिला नंबर याचाच, आणि चौथा अल्बम ऐकून ऐकून घासलाय. 'स्टेअरवे'चं तर नावही काढू नका, गिटारच्या प्रत्येक दुकानात त्याचा बळी गेलाय.

खर्जातला

'थ्री' पहिला? कायच्या काय. 'प्रेझेन्स' ऐका. १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर गाडीचा अपघात झाला, प्लांटचा पाय प्लास्टरमध्ये, चाकाच्या खुर्चीत बसून म्युनिकला गायलाय. की-बोर्डचा गोडवा जवळपास नाहीच. 'अकिलीज लास्ट स्टँड'ची दहा मिनिटं बॉनम एकदाही ढिला पडत नाही.

मध्यसप्तक

मुंबईचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिते. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. अधिकृतपणे ती बाहेर आली थेट २०१५ मध्ये, 'कोडा' या नंतर काढलेल्या संग्रहाच्या वाढीव आवृत्तीत. 'फ्रेंड्स' जरूर ऐका, तंतुवाद्यं येतात आणि गाणं आपल्या घरी आल्यासारखं सैल होतं. गाण्यांच्या यादीत मात्र वादक म्हणून फक्त 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. सारंगी-तबल्यावर कोण बसलं होतं ते त्या यादीवरून कळायचं नाही.

याच्या उलट पहिल्या अल्बमवर 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तबला आहे, तो वाजवणाऱ्या विराम जसानींचं नाव कव्हरवर स्वच्छ छापलंय. पण गिटारची जी बांधणी आहे ती लोकसंगीतातला गिटारवादक बर्ट जान्शने 'ब्लॅकवॉटरसाइड' या आयरिश लोकगीतासाठी केलेली, आणि श्रेय एकट्या पेजला. तबल्याला नाव मिळालं, चालीला नाही!

ठोकताळा

जान्शने तरी ते लोकगीतं गाणाऱ्या अ‍ॅन ब्रिग्जकडूनच घेतलं होतं. लोकगीत आहे ते.

मध्यसप्तक

गीत लोकांचं, पण बोटं जान्शची. दोन्ही रेकॉर्ड्स एकामागोमाग लावा, फरक शोधायला भिंग लागेल.

निळी फीत

खर्जातला यांनी 'प्रेझेन्स' काढलाच आहे तर त्यातलं 'नोबडीज फॉल्ट बट माइन' राहिलं. ब्लाइंड विली जॉन्सनने (हा रॉबर्ट जॉन्सन नव्हे) १९२७ मध्ये गायलेलं, गाण्याचं नाव तेच, टेक तीच. अल्बमवर श्रेय पेज-प्लांट. तोपर्यंत दुसऱ्या अल्बममधल्या 'ब्रिंग इट ऑन होम'वरून आर्क म्युझिकशी १९७२ मध्ये एकदा तडजोड झालेली होती, म्हणजे ठेच लागून झाली होती. जॉन्सन १९४५ मध्ये टेक्सासात हलाखीत गेलेला. त्याच्या वतीने कोर्टात जायला कुणी नव्हतं, म्हणून हे नाव लागलंच नाही असं मला वाटतं. आणि 'प्रेझेन्स'नंतर पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, नासाने त्याच जॉन्सनचं दुसरं एक गाणं व्हॉयेजर यानांच्या सोनेरी तबकडीवर घालून अंतराळात पाठवलं.

ठोकताळा

नासाचं ठीक आहे, पण दोन्ही गाणी ऐकून बोला. जॉन्सनचं भजन आहे, बायबल वाचलं नाही तर दोष माझाच, असं म्हणणारं. प्लांटने टेक ठेवली आणि बायबल काढून टाकलं. गिटारचा तो मरोडदार तुकडा, मध्येच सगळे थांबतात आणि बॉनम पुन्हा कोसळतो ती जागा, यातलं काही १९२७ मध्ये नव्हतं. डिक्सनला नाव द्यायला हवं होतं, होम्सला तर पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. बुका व्हाइटचंही देऊन टाका. पण टेकेच्या एका ओळीसाठी अख्खं गाणं जॉन्सनच्या नावावर करायचं असेल तर माझा विरोध आहे, आणि राहील.

मोडी जाणणारी

अख्खं गाणं कोण मागतंय? डोक्यावर कंसात 'चाल –' एवढंच म्हणतेय मी.