शब्दचर्चा : ‘सिस्टीम लोड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी लिथियम-आयन चार्जर सर्किटवर मराठीत टिपणे लिहीत आहे. ‘सिस्टीम लोड’साठी, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाला लागणाऱ्या विजेसाठी, ‘यंत्रणेचा भार’ लिहिले, तर सहकारी म्हणाले, भार म्हणजे चार्ज ना? शिवाय ‘बॅटरीवर लोड जोडला’ हे वाक्य बरोबर आहे का?

प्रतिसाद १
सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. जुन्या शास्त्रीय मराठीत ‘विद्युतभार’ म्हणजे चार्जच. शालेय पुस्तकांत ‘प्रभार’ रुळला आणि ‘भार’ लोडसाठी मोकळा झाला. वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ याच अर्थाचा. पण चार्जरबद्दल लिहिताना दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात, आणि प्रभार-भार शेजारी आले की वाचणारा अडखळतो. दुरुस्तीच्या दुकानातही ‘लोड’च म्हणतात. मी ‘उपकरणाचा लोड’ लिहीन.

प्रतिसाद २
मला ‘लोड’पेक्षा ‘वर’ची काळजी जास्त वाटते. ‘बॅटरीवर लोड’ म्हटले की वीज बॅटरीतून येते असे समजते. चार्जर लावल्यावर ती कुठून येते हे वायर कुठे जोडली त्यावर ठरते, आणि विद्यार्थ्यांना नेमके तेच कळायला हवे.

टीपी४०५६ ही चार्जिंगची चिप घ्या. करंट १००० मिलिअँपिअरवर ठेवला आहे. बॅटरी ४.२ व्होल्टला पोचली की व्होल्टेज तिथेच धरले जाते, करंट उतरत जातो आणि दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर, चिप चार्जिंग थांबवते. आता बॅटरीच्याच दोन टोकांना सतत १५० मिलिअँपिअर घेणारे सर्किट जोडा. चिपला दिसतो तो बॅटरी आणि लोड यांचा एकत्र करंट. तो १५० च्या खाली उतरतच नाही. बॅटरी भरली तरी ‘फुल’चा दिवा लागत नाही, सेल ४.२ व्होल्टवर ताटकळत राहतो आणि त्याचे आयुष्य घटते.

पार उतरलेल्या बॅटरीचे हाल याहून वाईट. २.९ व्होल्टच्या खाली ही चिप जपून, सुमारे १३० मिलिअँपिअरच देते. लोड १५० मागत राहिला तर उरलेले २० बॅटरीतूनच जातात. चार्जर लावलेला असतो आणि बॅटरी उतरतच जाते! ज्या चिपमध्ये चार्जिंगला वेळेची मर्यादा असते, तिथे चांगली बॅटरीसुद्धा सदोष ठरू शकते.

म्हणून दोन जोडण्यांसाठी दोन वाक्ये हवीत: ‘लोड बॅटरीला समांतर जोडला’ आणि ‘चार्जर लावलेला असताना लोड थेट पुरवठ्यावर चालतो’.

प्रतिसाद ३
दुसऱ्या जोडणीला ‘लोड शेअरिंग’ म्हणतात. टिपणात ‘भारवाटप’ लिहू नका. वाचणाऱ्याच्या मनात लगेच भारनियमन येते आणि वीज तोडण्याचा अर्थ चिकटतो. याच जोडणीच्या ‘पॉवर पाथ’ या नावासाठी ‘वीजमार्ग’ चांगला, कारण इथे खरोखर मार्गच बदलतो.

साध्या सर्किटमध्ये एकाच दिशेने वीज जाऊ देणारा एक शॉटकी डायोड आणि स्विचचे काम करणारा एक पी-चॅनल मॉसफेट (गेट, ड्रेन, सोर्स ही त्याची तीन टोके) पुरतो. ५ व्होल्टचा पुरवठा आला की डायोडमधून लोडला सुमारे ४.७ व्होल्ट मिळतात. गेटचे व्होल्टेज वर ओढले गेल्याने मॉसफेट बंद होतो आणि बॅटरीला फक्त चार्जर उरतो. पुरवठा गेला की गेटला जोडलेल्या रोधामुळे ते व्होल्टेज खाली येते, मॉसफेट सुरू होतो आणि लोड बॅटरीवर जातो. इथे ‘बॅटरीवर’ अगदी बरोबर! आकृतीत मॉसफेटचा ड्रेन बॅटरीकडे आणि सोर्स लोडकडे आहे ना, तेवढे पाहा. उलटा लागला तर त्याच्या अंगच्या डायोडमधून पुरवठा चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत शिरेल. तो धोका आहे, आकृतीखाली ठळक लिहा.

प्रश्नकर्ता
आभार. वाक्य असे केले: ‘पुरवठा असेपर्यंत उपकरणाचा लोड पुरवठ्यावर चालतो व चार्जर केवळ बॅटरी भरतो, पुरवठा तुटताच लोड बॅटरीवर येतो.’ चालेल?

प्रतिसाद २
या सर्किटसाठी चालेल. वीजमार्ग स्वतःच सांभाळणाऱ्या बीक्यू२४०७५सारख्या चिपसाठी मात्र ‘केवळ’ काढा. तिथे लोडची मागणी वाढली की आधी चार्जिंगचा करंट कमी होतो, आणि तरीही भागले नाही तर पुरवठा चालू असतानाच बॅटरी लोडला हातभार लावते.